चेहऱ्याला लावण्याआधी डबी कशी तपासायची: घातक घटक ओळखण्याचा योग्य क्रम

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. तुळशीचं लग्न लागलं की काउंटरवर रोज एक तरी मायलेकीची जोडी येते. "ताई, ते गोरं व्हायचं ट्यूब द्या न, पोरीले पाहाले येऊन राहिले." आताशा लेक त्यात हळूच भर घालते, "पण पॅराबेनवालं नको हं." पॅराबेन म्हणजे क्रीम टिकवण्याचं द्रव्य, त्याचं नाव मोबाईलवर कुठंतरी ऐकलेलं असतं. आधी काय लावत होती म्हणून विचारलं, की पर्समधून पिळून चपटी झालेली एक ट्यूब निघते. तिच्यावर क्लोबेटासोल छापलेलं असतं, म्हणजे खाज-लाली दाबणारं जोरदार स्टिरॉइड.

घटकांबद्दल लोक बेफिकीर आहेत असं नाही, ते वाचतातही. पण वाचायला उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. सगळ्यांत जास्त नुकसान करणाऱ्या दोन गोष्टींपैकी पारा डबीवर सहसा छापलेला नसतो. स्टिरॉइड छापलेलं असतं, पण ते औषधाच्या ट्यूबवर, आणि ती ट्यूब क्रीम समजून लावली जाते. या दोघांची तपासणी झाल्याशिवाय पॅराबेनकडे वळण्यात अर्थ नाही. खाली टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळून पुढे जाऊ नका.

तयारी: अर्धा तास आणि अंगणातला उजेड

घरात कातडीला लागणारं जे जे आहे, ते एका सुपात किंवा ताटात गोळा करा. फक्त फेअरनेस क्रीम नको. पावडर, काजळ, टिकल्यांचं पाकीट, मेंदीचा कोन, केसांची काळी मेंदी, घरातल्या बाप्यांचं खाजेचं मलम, बाळाचं तेल आणि पार्लरवालीने भरून दिलेली बिननावाची डबीसुद्धा त्यात आली पाहिजे. ही शेवटची डबी लोक हमखास विसरतात.

खोकं फेकलं असेल तर शोधा. बऱ्याच मालाची घटकांची यादी ट्यूबवर नसते, खोक्यावर असते. बॅच नंबर आणि मुदत ट्यूबच्या चपट्या टोकावर दाबून उमटवलेली असते. ट्यूब उजेडात तिरपी धरली की अक्षरं दिसतात. जे लोक ट्यूब त्याच टोकाकडून गुंडाळत जातात किंवा उरलेलं मलम काढायला तेच टोक कापतात, त्यांच्या ट्यूबवर वाचायला काही उरत नाही.

अक्षर बारीक असतं. मोबाईलने फोटो काढा आणि बोटांनी मोठा करून वाचा. नावं इंग्रजीत असतात, म्हणून घरातल्या नववी-दहावीतल्या पोराला शेजारी बसवा आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावा. कागदावर तीन रकाने पाडा: "आजपासून बंद", "डॉक्टरला विचारून", "चालेल".

टप्पा १: औषध आणि कॉस्मेटिक वेगळं करा

ताटातल्या वस्तूंचे दोन ढीग करायचे. औषधाच्या ट्यूबवर तीन खुणा शोधा: डाव्या बाजूची उभी लाल रेघ, "आरएक्स" हे चिन्ह आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना. यातली एकही खूण दिसली तर ते औषध. मग ते कटलरीच्या दुकानातून आणलेलं असो, पार्लरमधून असो, की शेजारच्या वहिनीने "मले लय फरक पडला" म्हणून दिलेलं असो.

कॉस्मेटिकवर अशी रेघ नसते. त्यावर सौंदर्यप्रसाधन बनवण्याचा परवाना क्रमांक असतो. तो टप्पा ३ मध्ये पाहू.

तपासा: रेघ, चिन्ह, सूचना यांतलं काहीच नाही आणि परवाना क्रमांकही नाही, अशी वस्तू दोन्ही ढिगांत बसत नाही. ती तिसरीकडे ठेवा. बहुतेक वेळा खरी भानगड त्याच डबीत असते.

टप्पा २: औषधाच्या ढिगात स्टिरॉइड शोधा

इथे घाई नको. माझ्या दुकानात चेहरा बिघडवून येणाऱ्यांपैकी बहुतेकांची गोष्ट इथूनच सुरू झालेली असते.

ट्यूबवरच्या नावाचा शेवट बघा. शेवटी "एस-ओ-एन-ई" ही अक्षरं आली तर ते बहुतेक स्टिरॉइड असतं: बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, फ्लुटिकासोन, हायड्रोकॉर्टिसोन. क्लोबेटासोलचा शेवट "एस-ओ-एल" असा होतो. फ्लुओसिनोलोन ॲसिटोनाइड आणि डेसोनाइड या नावांचा शेवट निराळा, पण तीही स्टिरॉइडच आहेत.

"झेड-ओ-एल-ई" असा शेवट दिसला, म्हणजे कीटोकोनाझोल, क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, तर ते नायट्याचं, म्हणजे बुरशीचं औषध. आता मेख अशी, की एकाच ट्यूबमध्ये दोन्ही असू शकतात. नायट्यासाठी, गजकर्णासाठी मागितल्या जाणाऱ्या कितीतरी मिश्र मलमांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं. म्हणून पहिलं नाव वाचून थांबू नका, ओळ संपेपर्यंत वाचा. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत बसते, माणूस खूश होतो. पण त्याच स्टिरॉइडमुळे कातडीची बुरशीशी लढायची ताकद कमी होते. पावसाळ्यात धुऱ्यावर ओल्या कपड्यात दिवस काढणाऱ्या माणसाचा रुपयाएवढा नायटा जांघेतून पाठीपर्यंत जातो, आणि त्याची गोल कडही धड ओळखू येत नाही.

आकड्याने फसू नका. ०.०५ टक्के म्हणजे अगदी हलकं असेल, असं सगळ्यांना वाटतं. उलट आहे. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य समजलं जातं आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र गटातलं. टक्का फक्त प्रमाण सांगतो, जोर नावावरून कळतो.

चेहऱ्याची कातडी पातळ असते, तिथे स्टिरॉइड जास्त शोषलं जातं. सुरुवातीला रंग उजळतो, मुरूम बसतात. काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, गालावर लाल बारीक शिरा दिसतात, हनुवटीवर लव वाढते, चुलीपुढे बसलं किंवा उन्हात गेलं की आग होते. ट्यूब बंद केली की चार दिवसांत चेहरा लालभडक होऊन पुरळ उठतं, म्हणून बाई पुन्हा तीच लावते आणि पुन्हा बरं वाटतं. एक वहिनी मला म्हणाल्या, "मी तं फक्त रात्रीच लावतो, दिवसा नाई." त्यांना ते लावून चौथं वर्ष होतं.

हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन हीसुद्धा औषधंच. वांगासाठी देतात त्या तिहेरी क्रीममध्ये ही दोन असतात आणि तिसरं स्टिरॉइड. त्वचारोगतज्ज्ञ ठरावीक आठवड्यांसाठी, उन्हापासून जपायला सांगून ही क्रीम देतात. तीच क्रीम दरमहा आणून वर्षानुवर्षं लावली आणि दिवसभर वावरात कापूस वेचला, तर वांग परततो. हायड्रोक्विनोनच्या फार दिवसांच्या वापराने कातडीवर निळसर काळे डाग पडू शकतात आणि ते सहसा जात नाहीत. दिवस गेलेल्या बाईने किंवा मूल हवं असणाऱ्या बाईने ट्रेटिनॉइन आणि त्याच्याच जातीचं रेटिनॉल दोन्ही टाळावं.

२०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत घातली. तरी गिऱ्हाईक खोक्याचा रंग सांगून मागतं आणि कुणीतरी देतं. आम्ही औषध दुकानदार यात धुतल्या तांदळासारखे नाही, हे इथेच लिहून टाकते.

इशारा: महिनोन्‌महिने चेहऱ्याला स्टिरॉइड लावत असाल तर हे वाचून आजच ट्यूब फेकू नका. एकदम थांबवल्यावर उठणारा भडका सोसत नाही आणि माणूस परत त्याच ट्यूबकडे जातो. "डॉक्टरला विचारून" या रकान्यात लिहा आणि आठवड्याभरात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. कमी कसं करायचं ते तेच ठरवतील.

टप्पा ३: कॉस्मेटिकचा जन्मदाखला

आता दुसरा ढीग आणि तिसरीकडे ठेवलेल्या वस्तू. घटकांच्या यादीकडे अजून जायचं नाही. आधी हे पाच तपशील शोधा:

१. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता
२. उत्पादन परवाना क्रमांक
३. बॅच क्रमांक
४. वापरण्याची मुदत
५. घटकांची यादी

माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि आयातीचा नोंदणी क्रमांक हवा. नुसतं "इम्पोर्टेड" छापलेलं चालत नाही.

यातला एखादा तपशील जरी नसेल तर वस्तू "आजपासून बंद" रकान्यात. पुढचे टप्पे तिच्यासाठी नाहीत. ज्याने स्वतःचा पत्ता लपवला, त्याने छापलेल्या यादीवर विश्वास ठेवायचं कारण नाही.

आठवडी बाजारात आणि यात्रेत मिळणाऱ्या डब्यांवर कधी ओळखीच्या कंपनीचं नाव एखादं अक्षर बदलून छापलेलं असतं. पोराला मोठ्याने वाचायला लावायचं ते यासाठीही.

टप्पा ४: न छापलेला पारा

पाऱ्याचे क्षार कातडीतला रंग तयार होण्याची क्रिया अडवतात. मालही स्वस्तात बनतो आणि आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसतो. भारताच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार पारा घालून सौंदर्यप्रसाधन बनवता येत नाही. नकळत राहून गेलेला पारा डोळ्यांच्या भागाला लावायच्या मालात दशलक्षात ७० भागांपर्यंत आणि बाकीच्या मालात १ भागापर्यंतच चालतो. बेकायदा क्रीममध्ये तो याच्या हजारो पटींनी सापडलेला आहे.

हे दूर कुठे घडतं असं समजू नका. २०२२ साली अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडाला सूज आली. शोध घेत मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेल्यावर तिघी एकच क्रीम लावत होत्या हे निघालं, आणि त्या क्रीममध्ये पारा सापडला.

पारा घरी तपासता येत नाही. संशय घेण्याजोग्या खुणा मात्र आहेत:

• आठ-दहा दिवसांत गोरं करण्याची हमी
• "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लावू नका" अशी सूचना. पारा सोन्याला, चांदीला धरतो, म्हणून ती लिहिलेली असते
• पांढरी किंवा पिवळट क्रीम उजेडात राहून वरून राखाडी पडणं
• कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड यांपैकी एखादं नाव किंवा पाऱ्याचं चिन्ह "एचजी" ही दोन अक्षरं
• बिल न देता, ओळखीतून, "फक्त तुमच्यासाठी" मिळालेला माल

एक खूण जुळली तरी त्याच दिवशी बंद करा. स्टिरॉइडसारखं हळूहळू सोडायची इथे गरज नाही. पारा लावणाऱ्यापुरता राहत नाही. उशीला, टॉवेलला, आईच्या गालाला गाल लावणाऱ्या लेकरालाही तो लागतो, आणि त्याची वाफ श्वासातून जाते.

इशारा: अशी डबी चुलीत, शेकोटीत किंवा कचऱ्यासोबत जाळू नका, तसं केलं तर सगळा पारा हवेत जाईल. नालीत किंवा विहिरीजवळही टाकू नका. झाकण घट्ट लावून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवा. डॉक्टरला दाखवायला आणि तक्रारीला ती लागेल.

तपासा: सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या, संध्याकाळी पायाला सूज, लघवीला फेस, हाताला कंप, झोप उडालेली. यातलं काही असेल तर डॉक्टरकडे फक्त सूज दाखवू नका. क्रीम लावत होते हे स्वतःहून सांगा. ते कुणी विचारत नाही, आणि बाया लाजून सांगत नाहीत.

टप्पा ५: आता यादी वाचा

इथवर पास झालेल्या मालाचीच यादी वाचायची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, १ टक्का आणि त्याखालचे मात्र कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवण्याचं द्रव्य साधारण १ टक्क्यापर्यंतच घालतात. त्यामुळे यादीत त्याच्या मागे जे येतं ते चिमूटभरच, असं धरून चाला. खोक्यावर भलीमोठी कोरफड आणि यादीत ती सुगंधाच्याही नंतर आली, तर पैसे चित्राचे दिलेत.

कातडीला त्रास देणारे खरे नेहमीचे घटक थोडे आहेत. सुगंध, म्हणजे "परफ्यूम", "पारफम" किंवा "फ्रॅग्रन्स", यांची ॲलर्जी सर्रास दिसते. मेथिलआयसोथायझोलिनोन हे युरोपीय संघाने लावून ठेवायच्या क्रीमसाठी बंद केलं आहे, धुऊन टाकायच्या मालात थोड्या प्रमाणात चालतं. डीएमडीएम हायडँटोइन, क्वाटर्नियम-१५ आणि इमिडाझोलिडिनिल युरिया यांच्यातून थोडं थोडं फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं. ज्यांना इसब आहे किंवा कुठल्याही क्रीमने खाज सुटते, त्यांनी ही नावं टाळावीत. बाकीच्यांनी झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

पॅराबेनचं सांगून टाकते. युरोपीय संघाने २०१४ साली आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल असे पाच प्रकार बंद केले. मेथिल आणि प्रोपिल पॅराबेन ठरलेल्या मर्यादेत तिथेही चालतात. टिकवण्याचं द्रव्यच नसलेली घरगुती कोरफड जेली टिनाच्या छपराखाली मे महिन्यात ठेवली तर तिच्यात काय वाढेल, याची मला जास्त काळजी वाटते.

"हर्बल", "केमिकल फ्री", "आयुर्वेदिक" हे शब्द तपासणीत धरायचे नाहीत. लिंबूही नैसर्गिकच आहे. ते चेहऱ्याला चोळून आपल्याकडच्या उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात.

टप्पा ६: टिकली, काळी मेंदी, काजळ

टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे द्रव्य असू शकतं. त्याने काही जणींच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंची टिकली दर वर्षी थोडी मोठी होत गेली. आम्हाला वाटलं हौस आहे. त्या डाग झाकत होत्या, आणि ज्या टिकलीने डाग पडला तीच वरून लावत होत्या. काहींना आधी खाज येते, रंग नंतर जातो. खाज आली त्याच दिवशी टिकली बंद करा. पाकिटावर गोंदाचे घटक लिहिलेले नसतात, त्यामुळे दुसऱ्या रंगाची किंवा दुसऱ्या पाकिटातली लावून बघणं हा उपाय नव्हे.

मेंदीचं एक साधं गणित लक्षात ठेवा. खरी मेंदी तासन्‌तास हातावर राहावी लागते, काढल्यावर नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होते. पाच-दहा मिनिटांत काळाकुट्ट रंग देणाऱ्या कोनात पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलिनडायामिन, असण्याचा दाट संशय घ्या. केसांसाठी "काळी मेंदी" म्हणून विकतात त्या पुडीतही हेच असू शकतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर सोबत राहते. नवरीच्या हातावर फोड आले की लग्नघर मेंदीवालीला बोल लावतं, पण कोन आणला कुणी हे कुणी बघत नाही.

काजळ, सुरमा आणि शेंदूर सुटा घेऊ नका. सुरम्यात शिशाचा गंधक-क्षार आणि शेंदरात लाल शिसं असू शकतं. बाळाच्या डोळ्यांत तर काहीच घालू नका. दृष्टीचा टिळा तळपायाला लावला तरी दृष्ट लागत नाही म्हणतात, आणि तळपाय बाळ चोखेपर्यंत तो पुसताही येतो.

टप्पा ७: लावून बघण्याची चाचणी

नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावा. रोज त्याच जागी. खाज, लाली, फुटकुळ्या आल्या तर धुवा आणि बंद करा. केसांच्या रंगासाठी पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे ४८ तास आधी थोडा लावून बघा, आणि दर वेळी बघा. मागच्या दिवाळीला चाललं म्हणून या दिवाळीला चालेलच असं नाही.

बहुतेक जण एकदाच लावतात, दहा मिनिटं थांबतात आणि "काही झालं नाही" म्हणून चेहऱ्याला फासतात. ॲलर्जी उठायला दिवस लागतात.

इशारा: ही चाचणी फक्त ॲलर्जी दाखवते. पारा आणि स्टिरॉइड दोन्ही तिच्यात आरामात पास होतात. स्टिरॉइड तर उठलेली लालीही दाबून टाकतं. म्हणूनच हा टप्पा सातवा आहे, पहिला नाही.

टप्पा ८: दाखवायचं कुठे, कळवायचं कुठे

नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, यवतमाळ, अकोला आणि चंद्रपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, या सगळ्या ठिकाणी त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना लावलेली प्रत्येक ट्यूब आणि डबी सोबत न्या, रिकामी असली तरी. "पांढऱ्या खोक्यावालं" एवढ्या वर्णनावरून डॉक्टरला काही कळत नाही.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोन्हीकडे बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, दुकानाचं नाव आणि बिल विचारतात. बिल नसेल तर खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा. डबीतलं सगळं धुऊन काढू नका, नमुन्यापुरतं आत राहू द्या.